व्हॉलीबॉल शिकायचा आहे? ठाणे-नवी मुंबईतील नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

व्हॉलीबॉल शिकायला येणारे बहुतेक जण स्मॅश मारण्याच्या हौसेने येतात आणि पहिला चेंडू उचलता येत नाही म्हणून पंधरवड्यात येणे बंद करतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मैदानांवर मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. यात दोष शिकणाऱ्याचा नसतो. कोणत्या क्रमाने शिकायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून या लेखात स्मॅश जवळजवळ शेवटी ठेवला आहे आणि समोरून आलेली सर्व्हिस उचलण्यावर सर्वांत जास्त जागा खर्च केली आहे. शाळेत खेळ सुटलेले नोकरदार, महाविद्यालयीन मुलेमुली आणि आपल्या पाल्याला मैदानावर पाठवू पाहणारे पालक, अशा तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

१. आधी खेळाचा सांगाडा समजून घ्या

अमेरिकेतील होलिओक या गावी वायएमसीए संस्थेत काम करणाऱ्या विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ तयार केला तो बास्केटबॉलची दमछाक आणि धक्काबुक्की नको असलेल्या प्रौढ सभासदांसाठी. तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांनी बिचकण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी एवढा इतिहास पुरे.

कोर्ट १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. मध्ये जाळी असते आणि जाळीखालच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ३ मीटरवर आक्रमण रेषा आखलेली असते. पुरुषांसाठी जाळीची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर, लहान मुलांसाठी ती वयानुसार खाली घेतात. प्रत्येक संघाचे सहा खेळाडू कोर्टवर असतात. चेंडू आपल्या बाजूला आल्यावर जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो पलीकडे पाठवावा लागतो, एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा स्पर्श करून चालत नाही आणि ब्लॉक करताना, म्हणजे जाळीपाशी उडी घेऊन हातांनी समोरचा फटका अडवताना झालेला स्पर्श या तिनांत मोजला जात नाही. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू थांबेपर्यंतच्या खेळाला, एक गुण मिळतो. सेट २५ गुणांचा असतो, मात्र दोन गुणांची आघाडी लागते. सामना पाच सेटपर्यंत गेला तर पाचवा सेट १५ गुणांचा होतो.

आता सापळे. आपल्याकडे अनेक मैदानांवर जुने नियम आणि ऐकीव नियम सर्रास चालतात. सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला तर तो ‘नेट’ म्हणून बाद धरणारे अजून भेटतात. प्रत्यक्षात तो चांगला चेंडू असतो. पाय लागला म्हणजे फाउल, हेही आता खरे नाही. चेंडू शरीराच्या कोणत्याही भागाला लागला तरी चालतो. रेषेला स्पर्शलेला चेंडू आतलाच असतो. दूरचित्रवाणीवर प्राइम व्हॉलीबॉल लीग पाहून खेळाकडे वळलेल्यांचा वेगळाच गोंधळ होतो, कारण तिथले १५ गुणांचे सेट, सुपर पॉइंट आणि सुपर सर्व्हिस हे त्या लीगपुरते नियम आहेत. शूटिंगबॉल हा तर स्वतंत्र खेळ आहे. गावाकडे तो खेळून आलेल्यांचे मनगट आणि नजर चांगली तयार असते, पण चेंडू हाताळण्याच्या त्यांच्या सवयी इथे फाउल ठरू शकतात, तेव्हा तसे असेल तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

२. मैदान नव्हे, गट शोधा

हा खेळ एकट्याने शिकता येत नाही. भिंतीवर चेंडू मारून थोडाफार सराव होतो, पण समोरून येणारा जिवंत चेंडू भिंत देत नाही. म्हणून शोध मैदानाचा न करता नियमित जमणाऱ्या गटाचा करा. ठाण्यातले दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह किंवा नेरूळचे यशवंतराव चव्हाण क्रीडांगण ही नावे सर्वांच्या तोंडी असली, तरी मोठे मैदान म्हणजे तिथे व्हॉलीबॉलचा गट असणारच असे धरून चालू नका. गट बहुधा शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांवर, सेक्टरमधल्या मोकळ्या मैदानांच्या एखाद्या कोपऱ्यात आणि मोठ्या गृहसंकुलांत जमतात. विचारपूस करायची ती शाळांच्या क्रीडाशिक्षकांकडे, महापालिकेच्या क्रीडा विभागात आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. रविवारी सकाळी मैदान क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात असते, त्यामुळे गट पाहायला जायचे तर आठवड्यातल्या एखाद्या दिवशी पहाटे किंवा संध्याकाळी जा.

गट निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या. पहिली, अंतर. ऐरोलीत राहणाऱ्याने ठाण्यातला किंवा वाशीतला नावाजलेला गट निवडला, तर संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये लटकत जाण्याचा उत्साह महिनाभरात संपतो. घरापासून चालत किंवा सायकलने जाता येईल असा साधा गट त्याहून बरा. दुसरी, चेंडूंची संख्या. वीस मुले आणि दोन चेंडू अशी स्थिती असेल तर तुमचा बहुतेक वेळ रांगेत उभे राहण्यात जाणार. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नवख्याला काय करायला लावतात ते. पहिल्या दिवसापासून सरळ सामन्यात उतरवून कोपऱ्यात उभे करणारा गट टाळा. फी भरण्याआधी दोन-तीन दिवस नुसते बसून पाहण्याची परवानगी मागा. चांगला प्रशिक्षक ती आनंदाने देतो.

संकुलातच कोर्ट आखण्याचा विचार असेल तर सोसायटीच्या सभेत विषय मांडण्याआधी टेप घेऊन जागा मोजा. कोर्टाभोवती सर्व बाजूंनी किमान ३ मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे एकूण २४ बाय १५ मीटर. इतकी जागा पोडियमवर क्वचितच निघते आणि निघाली तरी खाली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतात. अशा पृष्ठभागावर पासिंगचा सराव करायला हरकत नाही, पण उड्या मारून खेळू नका. गुडघे आणि नडग्या लवकर कुरकुर करू लागतात. चांगले दाबलेले मातीचे मैदान नवख्याला सर्वांत मानवते. फुटबॉलसाठी केलेल्या कृत्रिम गवताच्या टर्फवर खेळताना चेंडूसाठी झेपावलात तर कोपर आणि गुडघे हमखास सोलवटतात.

३. साहित्य : थोडे घ्या, योग्य घ्या

सुरुवातीला लागणारे साहित्य इतकेच :

- चेंडू : परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, वजन २६० ते २८० ग्रॅम. घरच्या सरावासाठी स्वतःचा एक असावा.
- बूट : रबरी, सपाट आणि चांगली पकड असलेल्या तळव्यांचे.
- नी-पॅड : गुडघ्यावरून न सरकणारे, पण पोटरीचे रक्त न अडवणारे.
- पूर्ण बाह्यांचा एक पातळ टी-शर्ट, पाण्याची मोठी बाटली, टॉवेल आणि बोटांना बांधायची चिकटपट्टी.

चेंडू निवडताना मैदान पाहा. नीविया किंवा कॉस्कोचा साधा, टिकाऊ चेंडू मातीवर आणि काँक्रीटवर वर्षभर साथ देतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत दिसणारा निळा-पिवळा मिकासा हाताला मऊ लागतो हे खरे, पण खडबडीत मैदानावर त्याचे आवरण पाहता पाहता उडते आणि पैसे वाया जातात. त्याहून मोठा सापळा हवेचा. सायकलच्या पंपाने चेंडू दगडासारखा टणक भरायचा आणि हात लाल झाले की खेळालाच दोष द्यायचा, हे नेहमीचे चित्र आहे. छातीच्या उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण कमरेपर्यंत उसळला आणि अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत गेला, की हवा ठीक आहे असे समजावे. पंपाची सुई आत घालण्याआधी ओली करून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

धावण्यासाठीचे जाड, उंच तळव्यांचे बूट घालून येऊ नका. या खेळात सरळ धावणे फारसे नसते. बाजूला सरकणे, थांबणे आणि उडी मारणे असते आणि उंच तळव्यांवर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

४. पहिला चेंडू : अंडरआर्म पास

या खेळातले सर्व काही इथे ठरते. पास सेटरच्या, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू तयार करून देणाऱ्या खेळाडूच्या, डोक्यावर गेला तर सेटरला चांगला चेंडू उचलून देता येतो आणि मगच स्मॅशरला मारता येते. पास भरकटला की पुढचे दोघे केवळ चेंडू जिवंत ठेवण्यासाठी धावत राहतात. एखादा सामना पाहताना काही वेळ चेंडूवरची नजर काढून सर्व्हिस घेणाऱ्या खेळाडूंच्या पायांकडे पाहा. चेंडू जाळी ओलांडण्याआधीच ते हललेले दिसतील.

उभे राहण्यापासून सुरुवात करू. पाय खांद्यांपेक्षा थोडे अधिक फाकवा, गुडघे वाकवा आणि वजन चवड्यांवर घ्या. एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवून दोन्ही अंगठे शेजारी शेजारी समांतर आणा आणि मनगटे खाली वाकवा, म्हणजे कोपरे आपोआप सरळ होतात. चेंडू लागायला हवा तो मनगटाच्या जरा वर, हाताच्या आतल्या मांसल, सपाट भागावर. बोटांची गुंफण करू नका. चेंडू खाली आला की गुंफलेली बोटे दुखावतात आणि वेळेवर सुटतही नाहीत.

नवखा माणूस हात झोकतो. चेंडू येताना दिसला की खालून वर जोरात हात मारतो आणि चेंडू मागच्या झाडात जातो. हात झोकायचे नाहीत, त्यांचा उतार धरायचा असतो. येणाऱ्या चेंडूत वेग आधीच असतो, तुम्ही फक्त त्याची दिशा बदलायची. चेंडू हळू आला तर गुडघे सरळ करून त्याला थोडा उचल द्या. वेगाने आला तर हात जागेवर ठेवा, प्रसंगी किंचित मागे घ्या. पास उजवीकडे पाठवायचा असेल तर डावा खांदा थोडा वर उचलला की हातांचा सपाट भाग उजवीकडे कलतो. एवढ्या एका गोष्टीने माझ्या पाहण्यातल्या अनेकांचा पास सुधारला आहे.

सराव असा करा. सोबत्याला सहा-सात पावलांवर उभे करून हाताने, खालून चेंडू टाकायला सांगा आणि तो त्याच्या डोक्याच्या थोडा वर परत द्या. आधी एका जागी उभे राहून, मग दोन पावले उजवीकडे-डावीकडे सरकून. पाय आधी, हात नंतर, असा क्रम ठेवा. चेंडूखाली पोहोचण्याआधीच हात जोडून धावणाऱ्याचा तोल जातो. हातांची कातडी सुरुवातीला लाल होते, क्वचित बारीक लाल ठिपकेही उठतात. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट सुचवला तो यासाठीच. काही आठवड्यांत हात सरावतात.

आणखी एक गोष्ट, जी सुशिक्षित प्रौढांना सर्वांत अवघड जाते : ओरडणे. दोघांच्या मधोमध येणारा चेंडू दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत जमिनीवर पडू देतात. चेंडू आपला असेल तर जाळीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ‘माझा!’ म्हणा. इथे संकोच करणे म्हणजे गुण देणे.

५. सर्व्हिस

सर्व्हिस हा एकच फटका असा आहे जो पूर्णपणे तुमच्या हातात असतो, म्हणून ती चुकवण्याला सबब नसते. अंडरहँड सर्व्हिसपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नका. डाव्या हातात कमरेच्या उंचीवर चेंडू धरा, डावा पाय पुढे ठेवा आणि चेंडू हातातून सोडता सोडता उजव्या तळव्याच्या टाचेने मारा. डावखुऱ्यांनी हेच उलट करावे. दहापैकी आठ चेंडू आत पडू लागले की वरून मारायच्या फ्लोट सर्व्हिसकडे वळा. तिच्यात चेंडू न फिरवता, मनगट ताठ ठेवून त्याच्या मध्यावर थोडक्यात ठोका दिला जातो. न फिरणारा चेंडू हवेत डुलतो आणि घेणाऱ्याला फसवतो. बहुतेकांची सर्व्हिस बिघडते ती चेंडू फार उंच उडवल्यामुळे. डोक्याच्या वर हातभर पुरे.

पंचांच्या शिट्टीनंतर ८ सेकंदांत सर्व्हिस करावी लागते. शिट्टीआधी केलेली सर्व्हिस रद्द होऊन पुन्हा करावी लागते. चेंडूला हात लागेपर्यंत पाय मागच्या रेषेवर पडता कामा नये.

६. फिंगर पास आणि सेटर

सेटरला आपल्या मैदानांवर लिफ्टर किंवा बूस्टरही म्हणतात. कपाळाच्या वर दोन्ही हातांची बोटे चेंडूच्या आकारात पसरून, चेंडू न पकडता आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी ढकलणे म्हणजे फिंगर पास. चेंडू तळव्यात थांबला की ‘होल्ड’ आणि हात मागेपुढे लागले की ‘डबल’. याचा सराव घरातही होतो : उताणे पडून छताकडे चेंडू ढकलत राहा, खाली राहणाऱ्यांना त्रास न होता जमते. सेटर व्हायचे की नाही हे पहिल्या काही महिन्यांत ठरवू नका, पण फिंगर पास प्रत्येकाला आलाच पाहिजे.

७. रोटेशन : जिथे सर्वांचा गोंधळ होतो

कोर्टवरच्या जागांना क्रमांक असतात. जाळीकडे तोंड करून उभे राहिल्यास मागची उजवी जागा १, पुढची उजवी २, पुढची मधली ३, पुढची डावी ४, मागची डावी ५ आणि मागची मधली ६. १ क्रमांकाच्या जागी असलेला खेळाडू सर्व्हिस करतो. समोरच्या संघाची सर्व्हिस असताना आपण गुण जिंकला, म्हणजे सर्व्हिस आपल्याकडे आली, की सर्वांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकायचे. २ वरचा १ वर येतो आणि सर्व्हिस करतो. आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळाला तर सरकायचे नाही, तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. गल्लीतल्या खेळात नेमके इथेच चुकते, कारण तिथे प्रत्येक गुणाला फिरण्याची सवय लागलेली असते.

सर्व्हिस घेणाऱ्या संघाने सर्व्हिसच्या क्षणी आपला क्रम राखायला हवा : ३ वरचा खेळाडू २ आणि ४ यांच्या मध्ये, ६ वरचा १ आणि ५ यांच्या मध्ये, आणि मागचा खेळाडू आपल्या पुढच्या जोडीदाराच्या मागे. चेंडूला हात लागला की कोणीही कुठेही जाऊ शकतो. मात्र मागच्या फळीतील खेळाडूला ब्लॉक करता येत नाही आणि ३ मीटर रेषेच्या पुढे येऊन जाळीच्या वर असलेला चेंडू मारताही येत नाही. रेषेच्या मागून उडी घेऊन मारला तर चालतो. १९९८ पासून रूढ झालेला लिबेरो, म्हणजे वेगळ्या रंगाचा पोशाख घातलेला बचावपटू, मागच्या फळीतच खेळतो. त्याला ब्लॉक करता येत नाही आणि जाळीच्या वर असलेला चेंडू मारताही येत नाही.

हे वाचून कळत नाही, पायांनी कळते. गच्चीवर खडूने सहा चौकोन आखा, त्यांत क्रमांक लिहा, घरच्यांना किंवा मित्रांना उभे करा आणि चेंडूशिवाय दहा मिनिटे नुसते फिरून पाहा. एक जण पंच होऊन ‘सर्व्हिस गेली’, ‘सर्व्हिस आली’ असे ओरडत राहील. नव्या संघाने सेटरची खास जागा ठरवण्याच्या फंदात पडू नये. जो ३ वर येईल तो त्या वेळी सेटर, एवढी साधी पद्धत पहिले वर्षभर पुरते. एक सेटर आणि पाच मारणारे, ही मोठ्या संघांची रचना उसनी घेणारे नवखे संघ बहुतेक गुण जागांच्या गोंधळातच घालवतात.

८. आता स्मॅश

उजव्या हाताने मारणाऱ्याची शेवटची तीन पावले डावे-उजवे-डावे अशी पडतात, पहिले छोटे आणि पुढची दोन मोठी व झटपट. दोन्ही हात मागे नेऊन वर झोकले की उडीला उंची येते. चेंडू डोक्याच्या मागे न जाऊ देता, उजव्या खांद्याच्या किंचित पुढे गाठा. जाळीपाशी चेंडूशिवाय पावलांचा सराव जितका कराल तितके चांगले. सर्वांत सामान्य चूक म्हणजे चेंडू सेटरच्या हातून सुटण्याआधीच धावत सुटणे.

जमिनीवर उतरताना दोन्ही पायांवर आणि आपल्याच बाजूला उतरा. जाळीखाली समोरच्याच्या पायावर पाय पडून घोटा मुरगळणे ही या खेळातली ठरलेली दुखापत आहे. खेळताना दोन अँटेनांच्या, म्हणजे जाळीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या उभ्या काठ्यांच्या, मधल्या जाळीला स्पर्श झाला तर फाउल होतो, तेव्हा उडी जाळीत नव्हे, वर घ्या.

खेळण्याआधी नखे कापा आणि अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. ब्लॉक करताना बोट दबले तर मैदानावर एखादा अनुभवी गृहस्थ ते ओढून सरळ करायला हमखास पुढे येतो. त्याला नम्रपणे नकार द्या. बर्फ लावा, बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधा, आणि सूज उतरली नाही किंवा बोट वाकडे दिसले तर एक्स-रे काढून घ्या.

९. पावसाळा आणि उन्हाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडची मातीची मैदाने बहुतेक दिवस बंदच असतात. ओल्या मातीवर खेळायचा मोह आवरा, कारण पाय घसरतो आणि पाणी प्यालेला चेंडू जड होऊन मनगटावर आदळतो. हे चार महिने छपराखालच्या मोकळ्या जागेत पासिंग, फिंगर पास आणि मांड्या-पोटऱ्यांच्या व्यायामासाठी ठेवा. ऑक्टोबरचे ऊन आणि एप्रिल-मेचा दमटपणा अंगातले पाणी शोषून घेतो. सकाळी नऊच्या आत सराव उरका.

१०. स्पर्धा आणि कागदपत्रे

शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रांच्या स्पर्धा वेगवेगळ्या भरतात, पुढे विभागीय आणि मग राज्य पातळी येते. राहण्याचे ठिकाण नव्हे, शाळा कोणत्या क्षेत्रात आहे हे पाहिले जाते. घर ठाण्यातल्या कोपरीला आणि शाळा ऐरोलीला असेल तर मुलगा किंवा मुलगी नवी मुंबईतूनच खेळेल. साधारणपणे पुढील कागद तयार ठेवावे लागतात :

- जन्मदाखला
- आधार कार्ड
- शाळा किंवा महाविद्यालयाचा बोनाफाइड दाखला
- मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह खेळाडूचे ओळखपत्र
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
- खेळण्यास योग्य असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र

सर्वांत जास्त नावे अडकतात ती जन्मतारखेवरून. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे दप्तर यांत नावाचे स्पेलिंग किंवा तारीख वेगळी असेल तर ती दुरुस्ती स्पर्धेच्या आठवड्यात होत नाही. शाळा सुरू होताच जून महिन्यात तिघांचा ताळमेळ लावून घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांसाठी स्पर्धेची पातळी आणि प्रमाणपत्राची सत्यता तपासली जाते. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राची मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, लॅमिनेशन करू नका, आणि त्यावर स्पर्धेचे नाव, वर्ष, वयोगट, क्रमांक व अधिकाऱ्यांची सही आहे की नाही हे मैदान सोडण्याआधीच तपासा. प्रौढांच्या खुल्या स्पर्धांत संघाची नोंदणी आयोजकांकडे होते. प्रवेशिका भरताना बारा खेळाडूंची नावे द्यायची झाली तर त्यात फिंगर पास येणारे निदान तिघे असावेत.